फेलीचे बटण आणि माझा अर्धा वाटा

माझी पत्नी फेलिसितास, म्हणजे फेली, येत्या ९ डिसेंबरला इलोइलोला येत आहे. तिकीट काढून झाल्याचे आमची मुलगी मारिसोल हिने मंगळवारी कॅनडातल्या विनिपेगहून फोनवर सांगितले. याआधीची दोन तिकिटे रद्द झाली होती, म्हणून तारीख मी तिला तिकिटावरून पुन्हा वाचायला लावली. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की माझी बुद्धी शाबूत आहे, हृदयाची मात्र हमी देता येत नाही. शस्त्रक्रिया २४ नोव्हेंबरला आहे.

हे सर्व लक्षात घेऊन मी, आन्सेल्मो फामातिगा, वय ७४, रेडिओचा निवृत्त वृत्तसंपादक, राहणार जारो, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही.

१. अर्धे घर कायद्याने फेलीचेच आहे, त्यावर मी काही लिहू शकत नाही. माझ्या अर्ध्यातून मारिसोलला कायद्याने जेवढे द्यावे लागते तेवढे द्यावे. बाकी सगळे फेलीचे. वकील गुम्बान यांनी सुचवले की "येऊन राहिली तरच" अशी अट घालावी, म्हणजे घर विकले जाणार नाही. मी तशी अट लिहिली, वाचून पाहिली आणि तो कागद फाडला. फेली मुलीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी म्हणून विनिपेगला गेली. मग दुसरे बाळ झाले, मग मारिसोलला रात्रपाळी लागली. यात कोणी कोणाला फसवले नाही. फेलीला घर ठेवायचे असेल तर तिने ठेवावे, विकायचे असेल तर चांगल्या गिऱ्हाइकाला विकावे. घर देतो आहे, बोलावणे पाठवत नाही.

२. बँकेतील ठेवीतून अंत्यविधीचा खर्च करावा, उरेल ते फेलीला. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना बिस्किटांवर वाटेला लावू नये; कोंबडी घातलेली गरम पेज द्यावी. घरात त्या दिवसांत पत्ते खेळायला माझी हरकत नाही. मी असतो तर खेळलोच असतो.

३. माझा मेहुणा क्रिसांतो याने गावच्या फिएस्ताच्या उत्सवाला माझा पहिला ॲम्प्लिफायर मागून नेला आणि जपानची शंभर व्होल्टची वस्तू सरळ भिंतीतल्या दोनशे वीसच्या सॉकेटला लावली. धूर निघाल्यावर मला म्हणाला, "भावजी, जपानी माल आहे, सोसेल असं वाटलं." दोनशे वीसचे शंभर व्होल्ट करणारा त्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर त्याने नेलाच नव्हता; तो आजही माझ्या पलंगाखाली धडधाकट आहे. तो क्रिसांतोला द्यावा. तारा जोडायची सोल्डरिंगची इस्त्री, मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर मात्र त्याच्या हाती लागू देऊ नयेत. ते चर्चच्या शाळेला जावेत.

४. बैठकीतला दुसरा ॲम्प्लिफायर, डिस्क प्लेयर, दोन्ही स्पीकर आणि काळा रिमोट हे सर्व फेलीचे. त्यांची वाटणी करू नये आणि एकही वस्तू जपानी जुन्या मालाच्या दुकानात परत जाऊ नये. याचे कारण सविस्तर लिहितो.

दोन्ही यंत्रांचे मूळ रिमोट समोरासमोर धरून या काळ्या रिमोटला मी एकेक आज्ञा शिकवली आणि त्या एका बटणावर ओळीने बसवल्या: ॲम्प्लिफायर चालू, थोडे थांब, डिस्कची निवड, प्लेयर चालू, वाजव. सगळ्या आज्ञा जाईपर्यंत रिमोट यंत्रांकडे रोखून धरावा लागतो. मागच्या खेपेस फेली आली तेव्हा तिने बटण दाबले आणि हात लगेच मांडीवर ठेवला. ॲम्प्लिफायर लागला, पुढे काही नाही. हात खाली घेऊ नको, असे मी सांगितले.

"किती वेळ धरू?"

"रिमोटचा दिवा विझेपर्यंत."

"मिस्सात फादरसुद्धा हात इतका वेळ वर धरत नाहीत. तूच लाव."

मी लावले. त्या संध्याकाळी ती वेताच्या खुर्चीत तूर सोलत बसली होती आणि जुनी संथ गाणी ऐकत होती. ती गेल्यावर मी तो क्रम मोडला. निवडीची कळ कायम डिस्कवर ठेवली. प्लेयरच्या मागचा खटका असा लावला की तो चालू होताच आपोआप वाजू लागतो. आता दोन यंत्रे चालू करण्याच्या दोनच आज्ञा आहेत, मध्ये थांबणे नाही. फेलीचा हात खाली येण्याआधी दोन्ही जातात. मला मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणाऱ्या शेजारच्या इलुमिनादाबाईंना कोणत्याही यंत्राचा भरवसा नाही, म्हणून त्यांच्याच हाती रिमोट देऊन पाहिला.

"वाजलं की," त्या म्हणाल्या. "पण मानोंग, बटणं कसली सुधारता? तिला फोनवर सरळ सांगा ना, घरी ये म्हणून."

मी सांगितले तर ती येईल, असे मी म्हणालो. म्हणूनच सांगत नाही. नातवंडांना सोडून येईल आणि संध्याकाळ झाली की तिकडची वेळ काय झाली ते मोजत बसेल. तशी मी इकडे बसून मोजतो, ते पुरे आहे.

तरी एक सूचना. यंत्र चालू आणि बंद करायची आज्ञा एकच आहे. एखादे यंत्र कोणी हाताने चालू ठेवले, तर फेलीने बटण दाबताच ते बंद होईल आणि तिला वाटेल की आपलेच चुकले. म्हणून ती येईपर्यंत दोन्ही बंद असावीत. आतली डिस्क कोणी बदलू नये. क्रिसांतोने तर त्या खोलीत बसूच नये.

५. शस्त्रक्रियेतून मी उठलो नाही, तर परदेशातून माणसे येईपर्यंत मला ठेवून घेण्याची आपली रीत माझ्या बाबतीत पाळू नये. आठवड्याच्या आत पुरावे. मारिसोलने घाईने तिकीट बदलू नये. फेलीने माझ्या अंत्यविधीला यावे असे मला वाटत नाही. तिने घरी यावे. ९ तारखेला मनिलाचे विमान दुपारी उतरेल. क्रिसांतोने तिला आधी घरी आणावे, दफनभूमी दुसऱ्या दिवशी. गरम भात वाढावा आणि मग सर्वांनी आपापल्या घरी जावे. राहणार की जाणार, हे तिला कोणीही विचारू नये. परतीचे तिकीट १० जानेवारीचे आहे, असे मारिसोल म्हणाली. त्याचे काय करायचे ते फेली ठरवील.

लिहून देणार: आन्सेल्मो फामातिगा (सही)

आमच्यासमोर त्यांनी वाचून सही केली, म्हणून आम्हीही करतो:
इलुमिनादा नुफाब्ले, शेजारीण (सही)
रोसेंदो ताकादाओ, निवृत्त वृत्तनिवेदक (सही)
हर्मिनिओ गुम्बान, वकील (सही)

जारो, इलोइलो, फिलिपिन्स
५ नोव्हेंबर २०१५