हरणीचा उतारा

येवला, मे २००२, संध्याकाळ

निघालो होतो मनमाडला. वाटेत एका विहिरीभोवती गर्दी दिसली आणि एसटीतून उतरलो. माझं हे नेहमीचंच.

कोरड्या विहिरीत हरणी पडली होती. वनखात्याच्या डॉक्टरनं वरूनच भुलीची सुई मारली आणि माणसांनी तिला जाळीत घालून वर काढलं. पाय धड होते. पण डोळे सताड उघडे, जीभ बाहेर, कान जराही हलत नव्हता. मला वाटलं, गेली.

विहीर ज्यांची त्या मावशींनाही तेच वाटलं. तांब्या घेऊन पुढं आल्या. "मरताना तोंडात पाणी तरी पडू द्या बिचारीच्या."

डॉक्टर ओरडला, "मावशी, नको! झोपलीय ती. आत्ता पाणी छातीत गेलं तर मात्र खरंच मरेल. थांबा, उतारा देतो."

"उतारा? मंग लिंबू आणू का?"

"अहो, सुईतला उतारा!"

सगळे हसले, मावशी नाही. त्यांची नजर हरणीवरच.

त्यानं शिरेत सुई दिली. आधी कान हलला. तोच कान! मग मान वर झाली, आणि आम्ही बाजूला व्हायच्या आत ती रिकाम्या वावरातून उड्या मारत दिसेनाशी झाली. झोपवायचं औषध ऐकून होतो. पण परत बोलवायचं? एवढ्याशा सुईत? होती कुठं ती इतका वेळ? अजून तो कान डोळ्यांपुढं हलतोय.

"लय पळाली बया," मावशी म्हणाल्या, आणि तांब्यातलं पाणी स्वतःच घटाघटा प्यायल्या.