शेवटचा ठोका

दादा,

आपला कॅनडाचा रॉक बँड परत उभा राहिलाय. त्यांचा ड्रमर वारला तेव्हा तू फर्मान काढलं होतंस, "त्याच्या जागी दुसरं कुणी बसलं, तर आपल्यासाठी बँड संपला." मी मान डोलावली होती. तूही त्याच वाटेने जाशील, हे कुठे ठाऊक होतं?

काल वहिनी मला त्यांच्या शोला घेऊन गेली. सोबत तोही होता, ज्याच्याशी ती आता लग्न करतेय. माणूस भला आहे, त्याचाच तर राग येतो. तुझा काळा टी-शर्ट मी मुद्दाम घालून गेले, त्याच्या डोळ्यांत खुपावा म्हणून.

ड्रमवर एक पोरगी होती. तू ओट्यावर चमच्यांनी बडवायचास तो तुकडा आला, तशी मी दातओठ खात वाट बघत बसले, की ही आता आपटणार. कसली आपटतेय! अख्खं सभागृह उभं राहिलं. तेवढ्यात त्याने मला हळूच विचारलं, "तुझे दादा असंच वाजवायचे का?"

"छे! दादा शेवटचा ठोका कायम चुकायचा."

वहिनी रडता रडता हसली.

लग्नाला जाईन रे. टाळ्याही वाजवीन. पण तुझा तो चुकलेला ठोका आता कुणाकडून ऐकू?

तुझीच,
ठमाबाई