तळची रजई

९ डिसेंबर
दुसरीही गाठ सुटली तेव्हा मुकादम हसला. म्हणाला, झोळी बांधता येत नाही आणि निघालाय जंगल मोजायला. मीही हसलो. नोकरीचा पहिला दिवस. सहा दिवसांत तीनशे झाडांवर खुणा करायच्या. जमीन ओली, म्हणून दोन झाडांमध्ये झोळी बांधून झोपायचं. झोळीत थंडी खालून लागते. अंगाखाली दबलेला कापूस ऊब धरत नाही. म्हणून एक रजई झोळीच्या बाहेरून, पाठीखाली टांगायची. माझ्यापाशी नव्हती. मुकादमाने सामानाच्या खोपीतून काढून दिली. आधीच्या माणसाची. गाठीही त्यानेच मारल्या. जाताना म्हणाला, शिधा घेऊन येईपर्यंत मरू नकोस, कागद फार रंगवावे लागतात.

१० डिसेंबर
बेचाळीस झाडं. घसरलो, गुडघा सुजला. सकाळी रजईच्या दोऱ्या सैल, रजई मधोमध खोलगट. ओढून बांधल्या. आता गाठी माझ्या, टिकतील तेवढ्या टिकतील.

११ डिसेंबर
एकोणीस झाडं. दोऱ्या पुन्हा सैल. रजईत हात घातला. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी गरम. माझी पाठ मात्र गार, जेवण झालं तरी गार. विचार करायचाही कंटाळा येतो.

१२ डिसेंबर
मुकादम आला. आधीच्या माणसाचं काय झालं, विचारलं. त्याने पिशवी रिकामी केली, घडी घातली, मग सांगितलं.
"गारठून गेला. वेंधळा. रजई खाली टांगायची सोडून वर पांघरून निजला."
मला चालवत नाही. उद्या सकाळी घोडं आणतो म्हणाला. रजई खालीच ठेव, असं दोनदा बजावलं. एक रात्र काढायची.

संध्याकाळ
माझी ऊब खाली जाते. त्याला खालूनच थंडी लागली होती, म्हणून तो खाली —
रजई सोडली. अंगावर घेतली. चूक आहे, ठाऊक आहे. पण खाली ती नको.

पाठ बधिर. बोटं वळत नाहीत.

रजई सरकतेय. धरून ठेवलीय. खालून कुणी ओढ

१३ डिसेंबर
मी मुकादम लिहितोय. सकाळी घोडं घेऊन आलो. पोरगा गारठून गेलेला. रजई झोळीखाली टांगलेली, गाठी पक्क्या. याला गाठी येत नव्हत्या. रजई अजून कोमट होती. सोडून खोपीत ठेवली. पुढच्या माणसाला लागेल.