पाशाची साक्ष

सॅन पेड्रो, कॅलिफोर्निया
मार्च १९३०

प्रिय पेरिनाताई,

पहिली बातमी ही, की तुझ्या भावाची नोकरी वाचली. पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि तीन वर्षं माझी झोप उडाली होती. माझं इंग्रजी म्हणजे तोंडात सार्डिन मासा धरून बोलल्यासारखं. मुक्या चित्रपटांत कोण ऐकत होतं! तापात तुझे कान गेले तेव्हापासून तू माझे ओठ वाचूनच ऐकत आलीस, म्हणून कॅमेरा सुरू झाला की मी आपल्या भाषेत तुझ्याशीच गप्पा मारायचो. तुर्की पाशा होऊन मरताना तुला विचारलं होतं, अंजिरं वाळली का? वर्षभराने चित्रपट आपल्या गावी पोचला आणि स्प्लिटहून तुझं उत्तर आलं, ‘‘वाळली रे पाशा. पण मरताना तोंड एवढं उघडू नकोस, पुढचा दात पडलेला दिसतो.’’ ते कार्ड अजून माझ्या आरशाला खोचलेलं आहे.

परवा आवाजाची परीक्षा झाली. दोन ओळी वाचल्या आणि तिसरीला अडखळलो. पोरसवदा दिग्दर्शक हसला नाही, बिचारा. म्हणाला, ‘‘आजोबा, कोर्टातला म्हातारा कोळी हवाय. साक्ष तुमच्याच भाषेत द्या. दुभाष्याला त्याची वाक्यं पाठ आहेत, तुम्ही काहीही बोला.’’

काल ते दृश्य झालं. टोपी काढली, पुस्तकावर हात ठेवला, खरं बोलेन म्हणालो. मग बोलत सुटलो. दुभाष्याने सांगितलं की या माणसाने बोट बुडताना पाहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं गं.

ताई, मी बोटीबद्दल बोललोच नाही. ‘आई अंथरुणाला खिळलीय, ये’ ही तुझी तार मला मिळाली होती. मिळाली नाही असं कळवलं, ते खोटं. पहिल्यांदाच माझं नाव पडद्यावर येणार होतं. निघालो असतो तर आई भेटली असती. ती तिकडे खरीखुरी जात होती आणि मी इकडे पैसे घेऊन मरायचं सोंग करत होतो. हेच सगळं मी त्या साक्षीत, तुझ्याकडे बघतोय असं समजून बोललो आहे. चित्रपट स्प्लिटला पोचायला सहा महिने तरी लागतील. भरल्या थिएटरात, अनोळखी लोकांत बसून तुला ते माझ्या ओठांवरून कळू नये, म्हणून आधी हे पत्र. रागाव, पण बघायला जा. पुढच्या बाकावर बस. आणि दात बसवून घेतलाय, तेवढं बघ.

तुझाच,
फ्राने