हिला सगळं कळतं

मंगळवार, ४ मार्च

ती. ताई,

नमस्कार. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला टाकलं नाहीस, तर इथवर वाचत असशील. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, शाळेचे तीन जिने जीव काढतात. भाच्याला नोकरी लागल्याचं काकूकडून कळलं. फार बरं वाटलं.

काम आहे म्हणून लिहितोय, उगाच आव आणत नाही.

माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. आपल्याच घरची भाषा बोलणारी. सात महिन्यांत तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही. तिला आता कमी गतीच्या मुलांच्या वेगळ्या वर्गात टाकणार आहेत. शिफारशीवर सही माझी.

सही केली आणि पुढच्याच आठवड्यात शाळेने आम्हाला मेंदूविषयीच्या प्रशिक्षणाला धाडलं. मी डुलक्या काढायच्या तयारीनेच गेलो होतो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नवी भाषा शिकणारं मूल कित्येक महिने नुसतं ऐकतं. तोंड बंद, पण आत काम चालू. त्यात कोणी हसेल अशी भीती असली, तर मेंदू आधी जीव सांभाळतो, उत्तर राहून जातं. सगळ्यांना सारखाच वेळ देणं म्हणजे न्याय नव्हे. माझी झोप उडाली. वीस वर्षं मी प्रश्न विचारून मनात तीन मोजतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो.

काल मधल्या सुट्टीत तिला एकटीला बसवलं आणि आपल्या भाषेत अपूर्णांकाचं गणित घातलं. ही भाषा मला येते हे शाळेत कोणाला माहीत नाही, मीच लपवलंय. मोजत बसलो. अकराला तिने उत्तर दिलं. बरोबर. पुढची चारही बरोबर.

पुढच्या गुरुवारी, १३ तारखेला, सकाळी दहाला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बैठक आहे. मी सही मागे घेणार. "मग सात महिने काय करत होतात, सर?" असं त्या विचारणारच. विचारू देत. पण तिच्या आईला आपल्या भाषेशिवाय काही कळत नाही, आणि मला ती येते हे उघड केलं तरी, सही माझी असल्यामुळे दुभाष्याचं काम मला देणार नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तिची धाकटी बहीण सांगेल की. चांगली चुणचुणीत आहे."

मीही चुणचुणीत होतो, ताई.

तुझ्या बाईंनी बाबांना शाळेत बोलावलं, तेव्हा मधे उभा राहून सांगायला मीच होतो. बाई म्हणाल्या होत्या, "हिला सगळं कळतं. अजून बोलत नाही इतकंच. वर्षभर थांबा." मी बाबांना सांगितलं, "हिला जमणार नाही म्हणतात. घरीच ठेवा." तू मोठी असून तुला माझ्याच वर्गात बसवलं होतं. पोरं तुला मुकी म्हणायची आणि मला मुकीचा भाऊ. मला लाज वाटायची. दुसरं काही कारण नाही.

"बाईच म्हणाल्या होत्या मला जमणार नाही," असं तू अजून सांगतेस. ते ऐकवत नाही म्हणून तुझ्याकडे यायचं टाळलं. तुला वाटलं, शिकल्यावर मला शिंगं फुटली.

शाळेविनाच तू इथली भाषा लिहा-बोलायला शिकलीस, दोन्ही भाषा तुला येतात. गुरुवारी ये. नंतर माझं तोंड पाहू नकोस, पण ये. मुख्याध्यापिका जे बोलतील ते तिच्या आईला जसंच्या तसं सांग. माझ्याबद्दल बोलतील तेही.

एक्केचाळीस वर्षं तुझा निरोप अडवून बसलेला,
तुझा धाकटा भाऊ