मावशी म्हणाल्या, थांबा!

४ मार्च, मंगळवार

ट्रेनिंग! म्हणे डॉक्टर, सिस्टर, औषधवाले, स्ट्रेचरवाले, सफाईच्या मावशी — सगळे एकत्र. वीस वर्षं इमर्जन्सीत काढल्यावर मी आता रबरी पेशंटची नाडी बघायची!

पण नाही तरी कशी म्हणणार? गेल्या महिन्यात त्या आजींना ॲलर्जी असलेलं इंजेक्शन दिलं गेलं, त्यावरूनच हे सगळं. डॉक्टरांनी सांगितलं, मी टोचलं. पाच दिवस व्हेंटिलेटर. वाचल्या, चालत घरी गेल्या — तरी सिरिंज भरली की मी औषधाचं नाव तीनदा वाचते. चौकशीत आम्ही दोघंही तेच बोललो. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

६ मार्च

नियम एकच. काही खटकलं तर कोणीही "थांबा" म्हणायचं, सगळ्यांनी हात थांबवायचे. कोणीही म्हणजे कोणीही!

मग कामांची अदलाबदल. डॉक्टर स्ट्रेचर ढकलत आले ते थेट दारावर! रबरी पेशंट खाली. हसून हसून पोट दुखलं. नंतर मी इंजेक्शन भरलं, तेवढ्यात कोपऱ्यातून मावशी, "थांबा." मी सवयीने म्हटलं, "मावशी, मध्ये बोलू नका." बघते तर रबरी मनगटावर ॲलर्जीची लाल पट्टी! आम्हा आठ शिकलेल्यांपैकी एकालाही दिसली नव्हती. चांगलीच खजील झाले.

७ मार्च

डॉक्टरांनी आज मावशींना नाव विचारलं. सहा वर्षांनी! मलाही ठाऊक नव्हतं.

११ मार्च

सुटले!

सकाळी एक गृहस्थ आले. पायाला चिघळलेली जखम, तापाने बरळत होते. सोबतची मुलगी बाहेर केसपेपर काढत होती. मी इंजेक्शन भरलं, सुई टेकवणार — तोच दारातून मावशी ओरडल्या, "थांबा!" हातात पोछा तसाच. "मुलगी म्हणते, मागे कुठल्याशा इंजेक्शनने यांचं तोंड सुजलं होतं!"

माझा हात जागच्या जागी. डॉक्टर धावत बाहेर गेले, विचारून आले. तेच औषध! दुसरं दिलं. दुपारी गृहस्थ उठून बसले आणि चहा गार आहे म्हणून माझ्यावरच खेकसले. इतकं गोड कोणी खेकसलं नव्हतं!

जिन्यात जाऊन पोटभर रडले. छातीवरचा धोंडा उतरला. घरी ह्यांना सगळं दोनदा सांगितलं. "आता जेव तरी," हे म्हणाले.

१२ मार्च

मावशींचे आभार मानायला गेले. म्हटलं, "त्या आजींच्या वेळीही तिथे असायला हवं होतं तुम्ही!"

त्या फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, "होते की. त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं. मी आत येऊन तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात — मावशी, मध्ये बोलू नका."