बॉक्स्टर, एसएलके आणि आल्बिना टीचर

नंदाखाल,
सोमवार, २३ जानेवारी २००६

प्रिय बेटी,

पप्पांचे आशीर्वाद. देवाच्या दयेने माझी तब्येत ठणठणीत आहे, केळींना घड चांगले धरलेत आणि विहिरीला भरपूर पाणी आहे. जावई आणि नाती मजेत असतील. तुमच्याकडे मेलबर्नला आता कडक उन्हाळा, म्हणजे पोरी दिवसभर पाण्यातच असणार.

फोनवर सगळं सांगता येत नाही म्हणून पत्र लिहितोय. कुवेत सोडल्यापासून ज्या तऱ्हेच्या गाड्यांना माझा हात लागला नव्हता, तशा दोन गाड्या मी या शनिवार-रविवारी चालवल्या. आगाशीचा शत्रुघ्न तुला आठवत असेल. त्याच्या वडिलांची खाडीकाठी भातशेती होती, आता तो विरारला इमारती बांधतो. त्याला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. पोर्शे बॉक्स्टर की मर्सिडीज एसएलके, यावर गाडं अडलेलं. शेवटी दोन मित्रांकडून दोन्ही गाड्या मागून आणल्या आणि माझ्या दारात उभ्या केल्या.

"अंकल, कुवेतच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही जिंदगीभर हेच केलंत. चालवा आणि एकदम सच बोला."

शनिवारी सकाळी आम्ही हायवेने मनोरपर्यंत गेलो. जाताना मी बॉक्स्टरमध्ये, येताना मर्सिडीजमध्ये. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या पाठीमागे असतं. तिसरा गिअर टाकून दाबली की तो आवाज कानाआधी पाठीत शिरतो. वळणावर तर विचारू नकोस, नुसतं मनात आणावं आणि गाडीने वळावं! मर्सिडीजचा स्वभाव वेगळा. ताकद तिची थोडी जास्तच, पण मिरवत नाही. सात गिअर, सगळे आपोआप पडतात, तुला पत्ताही लागत नाही. बटण दाबलं की लोखंडी छत दोनदा 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणून होईस्तोवर घडी होऊन डिकीत जातं. सीटमधून मानेवर गरम हवा यायचीही सोय आहे. वसईत! मी शत्रुघ्नला म्हटलं, यातून थंड ताक आलं असतं तर मी आत्ताच मर्सिडीजला मत दिलं असतं.

पळण्यात दोघी तोडीस तोड. पण रोज मनोरला कोण जातं? खरी परीक्षा आपल्या गावच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना वाडीच्या भिंती, शाळेपुढचे गतिरोधक, समोरून भाजीचा टेम्पो. तिथे गाडी चालवताना मजा आली तर ती घ्यावी. शिवाय एकट्या माझ्या मतावर जाऊ नकोस, मी त्याला म्हटलं, उद्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाली की मी दुसरा ड्रायव्हर आणतो.

त्याला वाटलं, माझ्या ओळखीचा कुणी म्हातारा मेकॅनिक येणार. मी आल्बिना टीचरना घेऊन आलो.

पापडीच्या शाळेतून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, हे तुला ठाऊक आहे. त्यांचा नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मी त्यांना आपल्या मारुतीवर गाडी शिकवली. कार्मिनआत्याने हे तुला कळवलेलंच आहे, तेव्हा नवीन काही नाही.

शत्रुघ्नचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण टीचर शांतपणे मर्सिडीजमध्ये बसल्या, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि निर्मळपर्यंत जाऊन आल्या. मी शेजारी, शत्रुघ्न दुसऱ्या गाडीत मागे. परत आल्यावर त्या बॉक्स्टरमध्ये बसल्या. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इग्नेशियस, तुम्ही आता शिकवत नाही आहात."

मग गाडी अशी निघाली की मी दरवाजा घट्ट धरला. तळ्याच्या वळणावर त्यांनी गिअर खाली घेतला, इंजिन गरजलं आणि टीचर मोठ्याने हसल्या. बेटी, मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पण गतिरोधक आला की गाडी तिरकी घेऊन मुंगीच्या पावलांनी चढवत होत्या, जसं मी शिकवलं होतं तसं.

दारात उतरल्यावर शत्रुघ्नने विचारलं, "बोला, कुठली?"

"मर्सिडीज," मी म्हणालो. "पोर्शे," टीचर म्हणाल्या. एकाच वेळी.

आणि आमचं जुंपलं. मी म्हटलं, गर्दीत सारखा क्लच दाबून पाय दुखेल, मर्सिडीजमध्ये शेजारच्याशी बोलता तरी येतं. त्या म्हणाल्या, "बोलायचं असेल तर ओट्यावर बसा की! मर्सिडीज मला नेत होती. ही मी चालवत होते." मी छताचा मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, छत उघडलं की डिकीत आठवड्याची भाजीही मावणार नाही. बॉक्स्टरला पुढेही डिकी, मागेही.

शत्रुघ्न हसत हसत म्हणाला, "अरे, तुम्ही तर नवरा-बायकोसारखे भांडताय!"

मी खाली बघितलं. टीचरनी नाही. त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अजून नाही, शत्रुघ्न. यांच्या मुलीने फोन उचलला की ठरेल."

आता गाड्यांचं पुरे.

नाताळपासून तू माझा फोन उचलत नाहीस. जावई उचलतात, "ती बाहेर गेलीय" म्हणतात, आणि मागे तुझा आवाज मला ऐकू येतो. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, मम्मीच्या साड्या अजून कपाटात आहेत आणि गाडीत तिच्या सीटवर तुम्ही दुसरी बाई बसवता. तेव्हा तू रडत होतीस. आज सांगतो.

साड्या कपाटात आहेत आणि तिथेच राहतील. तुझ्या मम्मीच्या आजारपणात मी कुवेत सोडून आलो, शेवटपर्यंत तिच्या उशाशी होतो, आणि तिचा हात माझ्या हातात असतानाच ती गेली. थेरेसा माझी बायको होती आणि माझ्या लेखी अजूनही आहे. त्यात टीचर वाटा मागत नाहीत. तिच्या पुण्यतिथीला कबरीवर फुलं मी नेतो, पण गेली दोन वर्षं ती टीचर निवडून देतात.

मी एकटा पडलोय म्हणून हे करतोय असं समजू नकोस. माझं कालवण मी रांधतो, माझी वाडी मी शिंपतो, झोप मला गाढ लागते. मला कुणाची गरज नाही. मला आल्बिना आवडते, एवढंच खरं आहे. तेवढं पुरेसं आहे, असं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी ठामपणे म्हणू शकतो.

तिने हो म्हटलंय, पण तुझा होकार आल्याशिवाय लग्नाला उभी राहणार नाही म्हणते. मी तिला सांगितलं, माझी मुलगी रागावते, पण अन्याय करत नाही. ईस्टरनंतर फादरना भेटायचा माझा विचार आहे. लग्नाआधी ते तीन रविवार मिस्सात आमची नावं वाचतील. त्यातल्या एका रविवारी तू माझ्या शेजारी बाकावर असावीस असं मला वाटतं. रागातच आलीस तरी चालेल, पण ये.

शत्रुघ्नने आज बॉक्स्टर नक्की केली. मी हरलो, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मी पत्र लिहायला बसलोय हे आल्बिनाला माहीत आहे. तिचा नमस्कार तुला कळवू का, असं मी तिला विचारलं, तर नको म्हणाली. "मी तिची टीचर, काकी की आणखी कोण, ते बेटीला ठरवू दे. मग मीच सांगेन."

तेव्हा हे आशीर्वाद एकट्या माझेच आहेत.

जो तुझा होता आणि तुझाच राहणार, तो
पप्पा